ज्युपिटर एस (१९८२): बेसिकऐवजी फोर्थ भाषा घेऊन आलेल्या या गृहसंगणकाचे खरे वेगळेपण कशात होते?

प्रश्न – गिरगावकर

सर्वांना नमस्कार. गिरगावातील आमच्या जुन्या घराची आवराआवर करताना काकांच्या कपाटात एक पांढरा, वजनाला अगदी हलका आणि रबरी कळांचा छोटा संगणक मिळाला. त्यावर ‘ज्युपिटर एस’ असे नाव आहे. काका व्यापारी जहाजावर रेडिओ अधिकारी होते आणि त्यांनी तो इंग्लंडहून आणला होता. सोबत छापील मार्गदर्शिका आहे, ती मी वाचायला घेतली आहे. तिच्यात बेसिकचा, म्हणजे त्या काळच्या बहुतेक गृहसंगणकांवरील प्रोग्रॅमिंगच्या भाषेचा, कुठेही मागमूस नाही, सगळे पुस्तक फोर्थ नावाच्या भाषेविषयी आहे.

मी स्वतः नव्वदच्या दशकात संगणक शिकलो, त्यामुळे गृहसंगणक म्हटले की स्पेक्ट्रम, बीबीसी मायक्रो आणि कमोडोर एवढीच नावे मला ठाऊक होती. या यंत्राविषयी मराठीत काही वाचल्याचे आठवत नाही. जे थोडेफार वाचायला मिळाले त्यात दोन टोकाची मते दिसली. काहींच्या मते हा त्या काळातील सर्वांत बुद्धिमान रचनेचा स्वस्त संगणक होता, तर काहींच्या मते दोन हुशार अभियंत्यांनी ग्राहकाचा विचार न करता स्वतःच्या हौसेसाठी तो बनवला. स्पेक्ट्रम घडवणाऱ्यांनीच हे यंत्र बनवले, हे खरे आहे का? असल्यास, त्यांनी सर्वांना परिचित असलेली बेसिक सोडून फोर्थ का निवडली? या यंत्रात ज्याला रचनेतील नवी भर म्हणता येईल असे नेमके काय आहे?

आणखी एक व्यावहारिक शंका आहे. काका सांगत असत की घरच्या दूरदर्शन संचावर या यंत्राचे चित्र कधी आलेच नाही आणि म्हणून ते कपाटात गेले. यंत्र बिघडलेले होते, की कारण दुसरे काही असेल? ते सुरू करून पाहण्याची इच्छा आहे, पण चुकीच्या पद्धतीने वीज देऊन ते जाळून टाकण्याची भीतीही वाटते.

उत्तर – जुनी यंत्रे, मुलुंड

गिरगावकर, आपल्या हाती आलेली वस्तू जपून ठेवावी अशी आहे. ही यंत्रे फार विकली गेली नाहीत आणि आज ती सहजी दृष्टीस पडत नाहीत.

आधी कर्त्यांविषयी. रिचर्ड ऑल्टवॉसर आणि स्टीव्हन व्हिकर्स या दोघांनी केंब्रिजमध्ये ‘ज्युपिटर कँटॅब’ ही कंपनी काढून १९८२ मध्ये हा संगणक बाजारात आणला. त्याआधी ऑल्टवॉसर यांनी सिंक्लेअर या ब्रिटिश कंपनीच्या झेडएक्स स्पेक्ट्रमच्या विद्युत रचनेवर काम केले होते, तर व्हिकर्स यांनी झेडएक्स ८१ आणि स्पेक्ट्रम या दोन्हींच्या रॉममधील (न पुसल्या जाणाऱ्या कायम स्मृतीतील) बेसिक लिहिण्यात प्रमुख वाटा उचलला होता आणि त्या यंत्रांच्या मार्गदर्शिकाही लिहिल्या होत्या. म्हणजे बेसिक टाळण्याचा निर्णय ज्यांनी घेतला त्यांना बेसिक आतून-बाहेरून माहीत होती. तिच्या मर्यादा त्यांनी रॉमच्या एकेका बाइटशी झगडताना अनुभवलेल्या होत्या, हे लक्षात घेतले तर ‘हौस’ हा शब्द अपुरा वाटू लागतो.

यंत्राचा तपशील थोडक्यात असा: झेड ८० ए प्रोसेसर, ३.२५ मेगाहर्ट्झ गती, ८ किलोबाइट रॉम, ३ किलोबाइट रॅम (कामापुरती तात्पुरती स्मृती), ३२ स्तंभ आणि २४ ओळींचे कृष्णधवल चित्र, आत बसवलेला छोटा ध्वनिक्षेपक आणि किंमत ८९.९५ पौंड. त्या ३ किलोबाइटांपैकी एक पडद्यासाठी, एक अक्षरांच्या आकारांसाठी आणि केवळ एक वापरकर्त्याच्या प्रोग्रॅमसाठी होता. त्यातूनही यंत्राच्या स्वतःच्या नोंदी वजा केल्या की सुमारे ९०० बाइट उरतात. आता मुद्दा येतो तो इथे. या ९०० बाइटांत वापरकर्त्याला वेगाने चालणारे, आणि तरीही वाचता व दुरुस्त करता येणारे प्रोग्रॅम कसे लिहू द्यायचे, हा प्रश्न व्हिकर्स यांच्यासमोर होता आणि त्याचे उत्तर हेच माझ्या मते या यंत्राचे खरे कर्तृत्व आहे.

त्या काळच्या गृहसंगणकांतील बेसिक प्रोग्रॅमचा मजकूर स्मृतीत ठेवत असे आणि तो चालवताना प्रत्येक ओळ दर वेळी नव्याने वाचून तिचा अर्थ लावत असे. यात वेळ जातो. मजकुराचे आधीच यंत्राला सोयीच्या रूपात संकलन केले तर वेग वाढतो, पण मग दुरुस्तीसाठी मूळ मजकूरही कुठेतरी सांभाळावा लागतो. चार्ल्स मूर यांनी फोर्थ विकसित केली आणि १९७०च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेतील किट पीक येथील रेडिओ दुर्बीण चालवण्यासाठी तिचा वापर केला. तिथे डिस्क होती, त्यामुळे मजकूर डिस्कवरील १०२४ बाइटांच्या कप्प्यांत राही आणि स्मृतीत फक्त संकलित रूप असे. ज्युपिटर एसजवळ डिस्क नव्हती, केवळ कॅसेट होती. मजकूर आणि संकलित रूप दोन्ही एका किलोबाइटात मावणे शक्य नव्हते.

फोर्थमध्ये प्रोग्रॅम म्हणजे आपण तयार केलेले ‘शब्द’, आणि असे सगळे शब्द यंत्राच्या शब्दकोशात एकामागोमाग साठवले जातात. उदाहरणार्थ, एखाद्या संख्येचा वर्ग काढणारा शब्द असा लिहितात (यंत्रावर तो रोमन लिपीत टंकावा लागतो, येथे वाचनाच्या सोयीसाठी देवनागरीत देतो):

: वर्ग डप * ;

‘डप’ म्हणजे स्टॅकवरील (यंत्राने एकावर एक रचून ठेवलेल्या संख्यांच्या चळतीतील) सर्वांत वरच्या संख्येची आणखी एक प्रत कर आणि * म्हणजे वरच्या दोन संख्यांचा गुणाकार कर. यानंतर ‘५ वर्ग .’ असे टंकले की पडद्यावर २५ उमटतात, कारण एकटा बिंदू म्हणजे उत्तर छाप. क्रिया शेवटी लिहिण्याची ही पद्धत अनेकांना उलटी वाटते, परंतु मराठी माणसाला तसे वाटण्याचे कारण नाही. ‘दोन आणि तीन मिळव’ असेच आपण म्हणतो आणि फोर्थमध्येही आधी २, मग ३ आणि शेवटी + येते.

स्मृतीत ‘वर्ग’ या शब्दाची नोंद काय असते? त्याचे नाव, काही बाइटांचे शीर्ष, आणि त्यानंतर ‘डप’ व * या शब्दांचे दोन-दोन बाइटांचे पत्ते, म्हणजे ते शब्द स्मृतीत कुठे आहेत याचे क्रमांक. सगळे मिळून वीस बाइटांच्या आत. व्हिकर्स यांनी ओळखले की हे पत्ते उलट दिशेने वाचले तर प्रत्येक पत्त्यावरून त्या शब्दाचे नाव परत मिळू शकते, म्हणजे मूळ मजकूर साठवण्याची गरजच नाही. ज्युपिटर एसवर ‘लिस्ट वर्ग’ असे सांगितले की यंत्र संकलित नोंदीवरून मजकूर पुन्हा रचून दाखवते. अटी आणि आवर्तने (पुन्हा पुन्हा करायच्या क्रिया) असतील तर तीही ओळींची नीट मांडणी करून दाखवते. कंसातील टिपाही हरवत नाहीत, कारण इतर फोर्थ ज्या टिपा संकलनाच्या वेळी टाकून देत त्या इथे शब्दाच्या नोंदीतच जपलेल्या असतात. त्यासाठी मोलाचे बाइट खर्च होत, आणि तरीही त्यांनी ते केले, याचे मला विशेष कौतुक वाटते.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. समजा, आपण खेळाचा एक प्रोग्रॅम लिहिला, त्यात आधी ‘चेंडू’, मग ‘फळी’ आणि शेवटी या दोन्हींना वापरणारा ‘खेळ’ असे शब्द बनवले. नंतर ‘चेंडू’मध्ये चूक आढळली. सर्वसाधारण फोर्थमध्ये नवा ‘चेंडू’ लिहिला तरी ‘खेळ’ जुन्यालाच बोलावत राहतो, कारण त्याच्या नोंदीत जुना पत्ता आहे. मग ‘चेंडू’ आणि त्याच्यानंतरचे सगळे शब्द पुसून पुन्हा संकलित करावे लागतात. डिस्कवर मजकूर असेल तर हे फारसे जड नाही, पण कॅसेटवाल्या यंत्रावर तो सगळा मजकूर पुन्हा हाताने टंकण्याची शिक्षा होती. ज्युपिटर एसवर ‘एडिट चेंडू’ म्हणून दुरुस्ती करायची आणि ‘रीडिफाइन चेंडू’ म्हणायचे. यंत्र जुनी नोंद काढून टाकते, नवी तिच्या जागी बसवते, पुढचे शब्द सरकवते, आणि शब्दकोशात जिथे जिथे सरकलेल्या शब्दांचे पत्ते आहेत तिथे तिथे ते बदलून घेते. हे जमावे म्हणून प्रत्येक शब्दाच्या शीर्षात त्याच्या लांबीची दोन बाइटांची जादा नोंद ठेवलेली आहे. चालू प्रोग्रॅमचा एक भाग बाकी सगळे तसेच ठेवून बदलण्याची ही सोय नव्वद पौंडांच्या यंत्रात, सगळा कारभार ८ किलोबाइट रॉममध्ये बसवून दिली गेली. त्या वर्षी त्या किमतीत दुसऱ्या कोणी ती दिल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

उत्तर – शिक्षिका, दादर

वरील विवेचन मला आवडले, परंतु त्यातून चित्र थोडे एकतर्फी उभे राहते असे वाटते, म्हणून लिहिते.

१९८४ मध्ये केंद्र सरकारचा ‘क्लास’ हा शालेय संगणक साक्षरता प्रकल्प सुरू झाला आणि त्यातून देशभरातील शाळांना बीबीसी मायक्रो मिळाले. पुढे मी ज्या शाळेत शिकवले तिथे ही यंत्रे होती. त्यांच्यावरील बेसिकमध्ये नाव दिलेल्या कार्यपद्धती लिहिता येत, त्यांना मूल्ये देता येत, त्यांच्यापुरते मर्यादित चल ठेवता येत. मोठ्या कामाचे छोट्या, नाव असलेल्या कामांत विभाजन करण्याची सवय मुलांना त्या बेसिकमध्येही लागत असे. तेव्हा ‘बेसिक म्हणजे ओळींच्या क्रमांकांचा गुंता आणि फोर्थ म्हणजे सुबोध रचना’ अशी सरळ विभागणी करता येणार नाही. त्या यंत्राचे मॉडेल बी ३९९ पौंडांना होते, म्हणजे ज्युपिटर एसच्या चौपटीहून महाग, हे अर्थात मान्य.

माझा खरा आक्षेप शिकणाऱ्याच्या बाजूने आहे. ज्युपिटर एसवर ‘२०० २०० * .’ असे टंकले तर उत्तर उणे २५५३६ असे येते. साध्या संख्या १६ बिटांच्या, म्हणजे सोळा द्विमान अंकांच्या, आहेत, त्यांची मर्यादा ३२७६७ आहे, आणि ती ओलांडल्यावर यंत्र काहीही तक्रार न करता चुकीचे उत्तर देते. बारा वर्षांच्या मुलाला हे कसे समजावायचे? अपूर्णांक हवे असतील तर ‘एफ*’ असे वेगळे शब्द वापरावे लागतात आणि कोणती संख्या कोणत्या प्रकारची आहे याचे भान वापरकर्त्यानेच ठेवायचे असते. स्टॅकवर संख्या कमी पडली तर ‘एरर २’ एवढेच दिसते आणि त्या क्रमांकाचा अर्थ मार्गदर्शिकेत शोधावा लागतो. बेसिकमध्ये चलाला नाव असते, ‘बेरीज’ किंवा ‘उंची’ असे वाचून मुलाला संदर्भ लागतो. स्टॅकवरील संख्यांना नाव नसते. त्यांचा क्रम मनात धरून ठेवावा लागतो, आणि तीन-चार संख्यांनंतर ते मोठ्यांनाही जड जाते.

स्वस्त यंत्र कोण घेतो? ज्याच्याजवळ दुसरे यंत्र नाही आणि शेजारी विचारायला कोणी जाणकार नाही, तो. अशा माणसाच्या हाती जी भाषा त्याच्याकडून सर्वांत अधिक शिस्त मागते तीच द्यावी, हे मला पटत नाही. त्याच वर्षी १६ किलोबाइटचा रंगीत स्पेक्ट्रम १२५ पौंडांना मिळत होता. पालकांनी पस्तीस पौंड अधिक घालून तो घेतला, याचा दोष त्यांना देता येणार नाही.

उत्तर – अभियंता, चेंबूर

भाषेची चर्चा वर चांगली झाली आहे, म्हणून मी विद्युत रचनेकडे वळतो. तिथेही सांगण्यासारखे आहे आणि गिरगावकरांच्या व्यावहारिक शंकेचे उत्तरही त्यातच आहे.

झेडएक्स ८१ मध्ये पडद्यावरचे चित्र खुद्द प्रोसेसर काढत असे, त्यामुळे चित्र चालू असताना प्रोग्रॅमसाठी त्याच्याजवळ फार थोडा वेळ उरे, आणि पूर्ण गती हवी असेल तर चित्र बंद करावे लागे. ज्युपिटर एसमध्ये चित्रासाठी स्वतंत्र स्मृती आणि स्वतंत्र मंडल आहे, प्रोसेसर त्या कामातून मोकळा आहे. फोर्थमुळे मिळालेल्या वेगाला याची जोड आहे. एकाच स्मृतीत प्रोसेसर आणि चित्रमंडल एकाच क्षणी हात घालू लागले तर काय करायचे, यावरचा तोडगाही पाहण्यासारखा आहे. पडद्याची तीच स्मृती दोन वेगवेगळ्या पत्त्यांवर दिसते. एका पत्त्यावरून गेले तर प्रोसेसरला प्राधान्य मिळते, दुसऱ्यावरून गेले तर चित्राला. वेग हवा की ठिपक्यांविना स्वच्छ चित्र हवे, हे प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने ठरवायचे.

अक्षरांचे आकार रॅममध्ये असल्यामुळे १२८ पैकी कोणतेही अक्षर नव्याने रेखाटता येते. प्रत्येक अक्षराला ८ बाइट, म्हणजे बरोबर १ किलोबाइट. स्पेक्ट्रमवर नवे आकार देण्यासाठी २१ जागा राखून ठेवल्या होत्या, इथे सगळी वर्णमाला खुली आहे. आठ बाय आठच्या चौकटीत शिरोरेषा आणि मात्रा बसवणे कठीण आहे, तरी दोन-दोन चौकटी जोडून देवनागरी अक्षरे काढून पाहावीत असे मला फार वाटते. पडद्याला १०२४ पैकी ७६८ बाइट पुरतात, उरलेल्या बाइटांत फोर्थची तात्पुरती लिहिण्याची जागा, म्हणजे ‘पॅड’, ठेवलेली आहे. काहीही वाया घालवायचे नाही, हा बाणा सगळ्या आराखड्यात दिसतो.

आणि दुरुस्तीच्या दृष्टीने सर्वांत सोयीची बाब ही की यात खास बनवून घेतलेली एकही आयसी, म्हणजे विद्युत मंडलाची चिप, नाही. सिंक्लेअरने बहुतेक मंडल एका विशेष आयसीमध्ये कोंबले होते. ती गेली की यंत्र गेले, कारण ती बाजारात मिळत नाही. ज्युपिटर एस मात्र सर्वसाधारण चौऱ्याहत्तर मालिकेच्या तर्कआयसी, झेड ८० आणि २११४ प्रकारच्या स्थिर रॅम आयसी यांवर उभा आहे. कंपनी लहान होती आणि विशेष आयसी बनवून घेण्याचा खर्च तिला झेपणारा नव्हता, हे त्यामागचे कारण असावे. पण त्याचा लाभ आज चाळीस वर्षांनंतर आपल्याला होतो. रॅमच्या सहा आयसी आहेत आणि बिघाड बहुधा त्यांतच निघतो. लॅमिंग्टन रोडवरच्या जुन्या दुकानांत चौकशी केली तर २११४ आणि चौऱ्याहत्तर मालिकेतील आयसी मिळण्यास हरकत नाही. झेड ८०चे मूळ कंपनीकडील उत्पादन मात्र २०२४ मध्ये थांबवण्यात आले आहे, तेव्हा तो जपून हाताळावा.

आता आपल्या काकांच्या अडचणीविषयी. यंत्र बिघडलेले नसण्याची शक्यता मोठी आहे. इंग्लंडमध्ये दूरचित्रवाणी यूएचएफ या अधिक वारंवारतेच्या पट्ट्यावर चालत असे आणि हा संगणक आपले चित्र त्या पट्ट्यातील ३६ क्रमांकाच्या वाहिनीवर पाठवतो. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले ते व्हीएचएफ या त्याहून कमी वारंवारतेच्या पट्ट्यावर, आणि त्यानंतर बरीच वर्षे आपल्याकडच्या संचांत सर्रास व्हीएचएफ ट्यूनरच असे. त्या संचाला ३६वी वाहिनी लावताच येत नव्हती, मग चित्र कसे दिसणार?

सुरू करण्यापूर्वी पुढील काळजी घ्यावी. यंत्राला ९ व्होल्ट एकदिश पुरवठा लागतो, पण बाहेरून सारखे दिसणारे अडॅप्टर विजेच्या ध्रुवांच्या बाबतीत एकमेकांच्या उलट असतात. झेडएक्स स्पेक्ट्रमच्या अडॅप्टरमध्ये मधला संपर्क ऋण असतो, ही गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. म्हणून कोणताही अडॅप्टर ‘बसतो’ एवढ्यावर विसंबून लावू नये. पेटी उघडून, पुरवठ्याची जोडणी रेग्युलेटरपर्यंत मल्टिमीटरने तपासून ध्रुव निश्चित करावेत. मूळ जुना अडॅप्टर मुळीच वापरू नये, त्यातील कॅपॅसिटर इतक्या वर्षांत सुकलेले असतात. विद्युतधारा मर्यादित करता येणारा पुरवठा मिळाला तर उत्तम. पेटी उघडताना घाई करू नये, तिचे प्लॅस्टिक पातळ आहे आणि कोपऱ्यांवर तडकते.

प्रश्नकर्त्याची भर – गिरगावकर

आपणा सर्वांचे मनापासून आभार. दूरदर्शन संचाचे कारण वाचून घरातील सर्वांना आश्चर्य वाटले, आम्ही इतकी वर्षे यंत्रालाच सदोष समजत होतो. पेटी उघडून तपासणी करण्याचे काम मी माहीतगाराच्या उपस्थितीतच करीन.

दादरच्या ताईंनी मांडलेला मुद्दा मात्र मनात राहिला आहे. मुलुंडकरांचे त्यावर काय म्हणणे आहे? आणि कॅसेट रेकॉर्डर आता घरी नाही, तर प्रोग्रॅम साठवण्याचा दुसरा मार्ग आहे का?

उत्तर – जुनी यंत्रे, मुलुंड

ताईंचा २०० गुणिले २०० हा दाखला बिनतोड आहे आणि मी तो मान्य करतो. पहिल्याच यंत्रावर शिकणाऱ्याने आधी अचूकतेवर विश्वास ठेवायला शिकावे लागते. तिथे हे यंत्र त्याला आधार देत नाही. बीबीसीच्या बेसिकमध्ये नाव दिलेल्या कार्यपद्धती होत्या हेही खरे.

तरीही एक भेद उरतो. त्या बेसिकमध्ये आपण नवी कार्यपद्धती लिहू शकतो, पण नव्या प्रकारचे आवर्तन किंवा माहिती साठवण्याचा नवा प्रकार भाषेत घालू शकत नाही. भाषा कंपनीने दिली तेवढीच राहते. ज्युपिटर एसवर ‘डिफायनर’ आणि ‘कंपायलर’ हे दोन शब्द वापरून आपण शब्द बनवणारे शब्द बनवतो. तक्ता हवा असेल तर तक्ता बनवणारा शब्द लिहावा, आणि त्यानंतर तो यंत्राच्या मूळ शब्दांइतकाच हक्काचा होतो. ‘लिस्ट’ त्याला ओळखते, टेपवरून आणला तर तो शब्दकोशात भर म्हणून बसतो. बारा वर्षांच्या मुलासाठी ही घाई ठरेल, सोळा वर्षांच्या जिज्ञासू मुलासाठी मला तशी वाटत नाही. व्हिकर्स यांची मार्गदर्शिका आपल्याजवळ आहे, तिची शेवटची काही प्रकरणे या दृष्टीने जरूर वाचावीत. व्हिकर्स स्वतः पुढे गणित आणि सैद्धांतिक संगणकशास्त्राच्या अध्यापनाकडे वळले, त्याची चाहूल त्या लेखनात लागते.

व्यापारात यंत्र टिकले नाही. कृष्णधवल चित्र, एक किलोबाइट स्मृती, अपरिचित भाषा, मोजकेच तयार खेळ, आणि १९८३ मध्ये किमती झपाट्याने उतरत असताना हाती भांडवल नसलेली छोटी कंपनी, एवढे पुरेसे होते. त्याच वर्षी ज्युपिटर कँटॅब बुडाली आणि उरलेला माल दुसऱ्या कंपनीने विकत घेतला. आपल्याकडे तर ते अधिकृतपणे आलेच नाही. इथे १९८६ मध्ये पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने स्पेक्ट्रम प्लस परवान्याने आणला आणि मराठी घरांत त्याचेच नाव झाले. फोर्थ मात्र जिथे स्मृती थोडी आणि विश्वासार्हता महत्त्वाची तिथे तग धरून राहिली. २०१४ मध्ये धूमकेतूवर उतरलेल्या फिले यानातील प्रोसेसर फोर्थसाठी घडवलेले होते. २००७ मध्ये रायगड जिल्ह्यातील खैराट या लहानशा गावातील शाळेत मुलांना जे छोटे हिरवे-पांढरे लॅपटॉप दिले गेले, त्यांना सुरू करणारे मूळ सॉफ्टवेअरही फोर्थमध्येच लिहिलेले होते.

कॅसेटविषयी: रेकॉर्डरची आवश्यकता नाही. यंत्राचा संकेत हा साधा ध्वनी आहे, तेव्हा संगणकाच्या ध्वनिमुद्रण सोयीने तो साठवता येतो आणि मोबाइलच्या हेडफोन जोडणीतून परत यंत्राला ऐकवता येतो. आवाज जवळजवळ पूर्ण ठेवावा, ध्वनी सुधारणारे सर्व परिणाम बंद करावेत आणि मुद्रण एमपी३ ऐवजी न दाबलेल्या वेव्ह स्वरूपात ठेवावे, कारण दाबलेल्या ध्वनीत बिटांच्या कडा बोथट होऊन वाचनात चुका येतात. साठवल्यानंतर ‘व्हेरिफाय’ हा शब्द वापरून पडताळणी करावी आणि ती यशस्वी झाल्यावरच यंत्र बंद करावे.